भिंतीपलीकडचा माग

डोक्यावर टोपी चढवली की नभा आकांत करणार, याची समीक्षाला खात्री होती. पण पोरीनं एकदा वर पाहिलं, टोपीची गाठ चाचपली आणि पुन्हा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी खेळायला लागली.

टोपी पिवळ्या होजिअरी कापडाची होती. तिच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे संवेदक बसवलेले होते. साळवडीच्या आरोग्य केंद्रात गोवराच्या लसीला आलेल्या प्रत्येक बाळाला आता ही टोपी घालत, आणि अख्खं गाव तिला ‘तालटोपी’ म्हणायचं. बाळ आईच्या मांडीवर बसवायचं, समोरच्या छोट्या स्पीकरवर आधी ढोलकीचे साधे ठोके आणि मग एका बाईचं लाडिक बोलणं लावायचं. बाळाचा मेंदू त्या आवाजाला कशी साथ देतो ते पडद्यावर दिसायचं. बहुतेक आया पाच मिनिटांत हसत बाहेर पडायच्या.

डॉ. यास्मिन मुजावर मात्र समीक्षाला सोडायचं नाव घेईनात. त्यांनी बोलणं दोनदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं.

“समीक्षाताई, घरी बाळाशी बोलता ना तुम्ही?”

“बोलते की,” समीक्षा जरा चिडूनच म्हणाली. “पण आमचं घर कारखान्याला लागून आहे. बोललेलं ऐकू जायला नको का? निम्मं काम हातवाऱ्यांवरच चालतं.”

डॉक्टरांनी स्पीकर बंद केला. खोलीत शांतता पसरली. पडद्यावरची वरची रेघ, म्हणजे आवाजाची, आडवी झाली. खालची रेघ, म्हणजे नभाच्या मेंदूची, तीही निवायला हवी होती. पण ती एकसारखी वर-खाली होतच राहिली.

“बघा. आवाज नाही, काही नाही. मग ही कशाच्या तालावर चाललीय?” डॉक्टरांनी पेन उचललं आणि रेघ वर गेली की टेबलावर एक टक्, पुन्हा वर गेली की टक्, असा ठेका धरला.

समीक्षानं तो आधी पाठीच्या कण्यात ओळखला, कानांनी नंतर.

“माग,” ती म्हणाली. “आमचा भिंतीपलीकडचा माग आहे हा.”

*

समीक्षाच्या सासरच्या, सातपुत्यांच्या घराची मागची भिंत हीच कारखान्याची पुढची भिंत होती. पलीकडे जुने यंत्रमाग होते. त्यातला एक तर भिंतीला इतका खेटून होता की त्याच्या धागा दाबून बसवणाऱ्या फणीचा ठोका अलीकडच्या खाटेत, फरशीत, ताटातल्या वाटीत जाणवायचा. नभाचा पाळणा त्याच भिंतीशी टांगलेला होता. जन्मल्यापासून ती त्या ठोक्यावर झोपायची आणि त्याच ठोक्यावर जागी व्हायची.

डॉक्टरांनी समीक्षाला सगळं नीट समजावून सांगितलं. बाळाला शब्द कळत नसतात. आपलं बोलणं त्याला पाण्यासारखं सलग ऐकू येतं. कुठला शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, काही पत्ता लागत नाही. पण बोलण्याला हेलकावे असतात. आई बाळाशी बोलते तेव्हा तर ते फारच ठळक होतात. एखाद्या अक्षरावर जोर, मग उतार, पुन्हा जोर. बाळाच्या मेंदूतल्या संथ लहरी त्या हेलकाव्यांशी जुळतात. एकदा जुळल्या, की पुढचा जोर केव्हा येणार ते मेंदूला आधीच कळतं, आणि नेमक्या त्या क्षणी तो कान टवकारून बसतो. सलग प्रवाहातून शब्द सुटे होतात ते असे. ज्यांची ही जुळणी कच्ची राहते, ती मुलं बोलायला मागं पडतात.

“आणि तुमचा माग,” डॉक्टर म्हणाल्या, “जवळपास त्याच अंतरानं ठोका देतो. थोडा जलद, एवढंच. नभाच्या मेंदूनं ती जागा त्याला देऊन टाकलीय. बोलण्याला तिथं शिरायला वावच उरला नाही.”

“मग आता?”

“काही महिने तिला शांत जागी न्या. माग विसरू द्या. वय लहान आहे, अजून सगळं हातात आहे.”

*

जेवताना समीक्षानं हे घरात सांगितलं. तिचा नवरा प्रज्वल खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. सासरे, महादेव सातपुते, ज्यांना घरदार आप्पा म्हणायचं, त्यांना उभ्या जन्माच्या खडखडाटानं कमी ऐकू यायचं. पाच-सहा वर्षांमागं सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते बोलतही कमी. प्रज्वलनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पुन्हा सांगितलं. कानाची यंत्रं लावूनही त्यांचं ऐकणं सुधारलं नव्हतं. शब्दांऐवजी नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून त्यांनी ती काढून ठेवली होती.

आप्पांनी ताट बाजूला सारलं.

“माझ्या मागानं पोरीचं तोंड बांधलं, असं म्हणतीस व्हय?”

“तसं नाही आप्पा. डॉक्टर म्हणतात...”

“हा प्रज्वल ह्याच भिंतीशी वाढला. मी वाढलो. आम्ही काय मुके झालो?”

 आप्पा उठून कारखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नभाला घेऊन माहेरी, आजऱ्याला निघाली, तेव्हाही ते बाहेर आले नाहीत.

आजऱ्याचं घर गावाबाहेर होतं, काजूच्या बागेला लागून. तिथं इतकी शांतता होती की पान पडलेलं ऐकू यावं. समीक्षाची आई नातीला मांडीवर घेऊन तासन्तास बोलत बसायची. पण नभा खंगल्यासारखी झाली. तिला झोप लागेना, दूध जाईना. पाळण्यात पडल्या पडल्या ती भिंतीकडे वळायची, तळहात भिंतीला लावायची आणि रडायची. आईला वाटलं दात येतायत. समीक्षाला मात्र कळत होतं. पोरगी काहीतरी शोधत होती, आणि ते तिथं नव्हतं.

महिन्याभरानं, ठरल्याप्रमाणे, ती नभाला पुन्हा तपासणीला घेऊन आली. डॉक्टरांनी टोपी घातली, बोलणं लावलं आणि त्या पडद्यावर वाकल्या. मागाची लहर विरली होती. पण तिच्या जागी दुसरी कुठलीच आली नव्हती. खालची रेघ नुसती थरथरत होती, वारा नसलेल्या जागी दिव्याची ज्योत उगाच हलावी तशी.

समीक्षाला रडू आवरेना. “मी काय करू मॅडम? तिकडं ठेवलं तर माग, इकडं नेलं तर हे. मीच कुठं कमी पडतेय का?”

“तुम्ही नाही. मी कमी पडले,” डॉक्टर म्हणाल्या. कसलेही आढेवेढे न घेता, रिपोर्ट वाचावा तशा सरळ आवाजात. “माग म्हणजे अडथळा, असं मी धरून चालले. तो काढला की जागा मोकळी होईल, असं वाटलं. पण ती जागा नव्हती, आधार होता, आणि तो मी काढून घेतला.” त्यांनी नभाची टोपी सोडली आणि पडद्यासकट पिशवीत भरली. “तुम्ही घरी चला. मी येते तुमच्याबरोबर. मला तो माग बघायचाय.”

मोठ्या शहरातल्या संस्थेनं बोलावलेलं असताना ही बाई साळवडीत का राहिली, याचं गावाला कोडं होतं. आपलं म्हणणं चुकलं, तर ते कुठं चुकलं हे स्वतः जाऊन बघायची हिंमत किती जणांत असते, हा विचार समीक्षाच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

*

घरात पाऊल टाकताच नभाचा चेहरा बदलला. माग चालू होता. समीक्षानं तिला पाळण्यात ठेवलं, डॉक्टरांनी टोपी बांधली आणि पिशवीतला पडदा काढून मांडीवर उघडला. थरथरणारी रेघ हळूहळू सावरली, उभी राहिली आणि ठोक्यांवर पावलं टाकत चालायला लागली.

“काय पकड आहे हिची!” डॉक्टर पुटपुटल्या. “इतकी पक्की जुळणी मी आजवर एकाही बाळात पाहिली नाही. ही मुलगी मागं पडलेली नाही हो. ही तालात सगळ्यांच्या पुढं आहे. फक्त हिच्या तालात शब्दच नाहीत.”

आप्पांचा ‘आम्ही काय मुके झालो?’ हा सवाल समीक्षानं त्यांना वाटेत सांगितला होता. मग त्या प्रज्वलला विचारत सुटल्या. तो लहान असताना घर कसं होतं? कोण कोण असायचं? प्रज्वलनं आठवून सांगितलं. तेव्हा कांड्यांवर सूत भरायला चार बायका याच खोलीत बसायच्या. आई असायची, आत्या असायची. माग चालू असतानाच त्यांच्या गप्पा, भांडणं, गाणी सगळं चालायचं, आणि खडखडाटात ऐकू जावं म्हणून त्या ठोक्याठोक्याला जोर देऊन बोलायच्या. आता कांड्या तयार येतात. धागा तुटला तर मोबाइल सांगतो. कारखान्यात एकटा प्रज्वल आणि घरात एकटी समीक्षा.

“आप्पांच्या सवालाचं उत्तर सापडलं,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही वाढलात तेव्हा ठोक्यावर माणसं बोलत होती. आता माणसं गेली आणि नुसता ठोका राहिला. समीक्षाताई, माग बंद करायचा नाही. त्याच्यावर शब्द बसवायचे. तिचा मेंदू प्रत्येक ठोक्याला दार उघडून उभा आहे. आपण दारात शब्द नेऊन ठेवायचा.”

ऐकायला हे सोपं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून समीक्षा दुपारच्या सुट्टीत पाळण्याशी बसायला लागली. त्या वेळी बाकीचे माग बंद असायचे, फक्त भिंतीपलीकडचा चालू ठेवायचा. मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यावर तिनं स्वतःच एक गाणं जुळवलं:

धोटा गेला, धोटा आला,
नभाबाईचा झबला झाला.
लाल काठ, निळा काठ,
मांडीवर बस ताठ!

पण माग धावायचा आणि ती मागं राहायची. दुसऱ्या ओळीलाच शब्द एकमेकांवर आदळायचे. जोर भलत्याच अक्षरावर पडायचा, श्वास पुरायचा नाही. नभा तिच्या तोंडाकडे बघायची आणि मग कंटाळून भिंतीकडे वळायची. आठवडाभर हेच चाललं. समीक्षाचा घसा बसला.

आप्पा हे दारातून बघायचे. तिच्याशी ते अजून धड बोलत नव्हते. एका दुपारी ती गाता गाता धापा टाकत थांबली, तेव्हा ते वळून कारखान्यात गेले. ठोका बंद पडला. बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला, तो वेगळाच. संथ, ऐसपैस, दोन ठोक्यांच्या मध्ये माणसानं निवांत शब्द टाकावा असा.

प्रज्वल धावत आला आणि आप्पांच्या कानाशी ओरडला. “आप्पा, मोटरची पुली बदलली तुम्ही? एवढी लहान? निम्मं कापडसुद्धा निघणार नाही त्याच्यावर!”

“न निघू दे,” आप्पा म्हणाले. “ह्या मागावर आता पोरगी बोलाय शिकणार. कापडाला बाकीचे हायत.”

मग ते आत आले, भिंतीशी खाली बसले आणि समीक्षाकडे हात पसरले. “आण इकडं तिला.”

त्यांनी नभाला मांडीवर घेतलं आणि गुडघा हलवायला सुरुवात केली. समीक्षा बघत राहिली. त्यांना मागाचा आवाज जेमतेम ऐकू येत असेल. पण अनवाणी पाय फरशीवर टेकलेले होते, आणि ठोका पायांतून वर चढून गुडघ्यात उतरत होता, तसूभरही मागं-पुढं न होता. नभाचं सगळं अंग त्या ठोक्यावर उचललं जात होतं.

“म्हण आता,” आप्पा म्हणाले.

समीक्षानं गाणं धरलं. या वेळी प्रत्येक शब्द जागच्या जागी पडला.

*

तेव्हापासून तो घराचा नेमच झाला. डॉक्टर मधूनमधून यायच्या, टोपी बांधायच्या, पडद्याकडे बघून मान हलवायच्या. मागाच्या लहरीच्या पोटात आता दुसरी, बारीक लहर दिसायला लागली होती. ती समीक्षाच्या आवाजाची होती. पण नभाच्या तोंडून काही फुटत नव्हतं. शेजारपाजारची तिच्या वयाची मुलं ‘बाबाबा’, ‘दादादा’ करत रांगत होती. ही नुसती टुकूटुकू बघायची. समीक्षा डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती आणि आतून खचत होती. ‘आपण उगाच तर स्वतःला फसवत नाही ना?’ हे तिनं कुणालाच बोलून दाखवलं नाही.

त्या दिवशीही सगळं रोजच्यासारखं होतं. नभा आप्पांच्या मांडीवर, डोक्यावर टोपी, डॉक्टर पलीकडे पडदा घेऊन बसलेल्या. प्रज्वल मागाशी उभा. समीक्षा गात होती.

“धोटा गेला, धोटा...”

पलीकडे ताण्याचा धागा तुटला. असा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तो थांबला. आप्पांचा गुडघा थांबला. दचकून समीक्षाचा शब्दही तोंडातच राहिला.

खोलीत एक ठोका रिकामा आला.

आणि त्या रिकाम्या ठोक्यावर, अगदी नेमका, नभा म्हणाली, “आ!”

 पुढचा ठोकाही रिकामाच होता. नभानं मान वर उचलली, पाय झाडले. “आ! ला!”

“हिनं ठोका घेतला!” आप्पा ओरडले. त्यांना तिचा आवाज ऐकू आला नव्हता. हातातलं तिचं अंग ठोक्यावर उचललेलं त्यांना कळलं होतं. “माग बंद झाला, न्हवं? मी न्हाई हलवलं तिला. तीच उठली! तिनं घेतला!”

डॉक्टरांनी पडदा समीक्षाकडे फिरवला. वरची रेघ आडवी होती. खाली नभाची लहर मात्र चालत होती, आणि जिथं शब्द यायला हवा होता तिथं तिचं शिखर सगळ्यात उंच चढलं होतं.

“हे बघा,” डॉक्टरांनी त्या शिखरावर बोट ठेवलं. “आवाज न येतासुद्धा तिला माहीत होतं, आता शब्द येणार. तो आला नाही, तर तिनं स्वतः आणून ठेवला. बोलणं म्हणजे दुसरं काय असतं हो?”

समीक्षा त्या रेघेकडे बघू शकली नाही. तिनं नभाला उचललं आणि छातीशी धरलं. प्रज्वल दारात येऊन उभा होता, हातात तुटलेला धागा तसाच. काय झालं, काय झालं, असं तो एकेकाला विचारत होता. शेवटी नभानंच पुन्हा “ला!” म्हणून सांगितलं.

*

पुढचं सगळं भराभर घडलं. ‘आला’च्या मागोमाग ‘आई’ आली, ‘काऊ’ आला, ‘नको’ तर दिवसातून शंभरदा यायला लागला. डॉक्टरांनी गावातल्या इतर मागवाल्यांच्या घरी जाऊन मुलं तपासली. जिथं ठोका होता आणि माणसं नव्हती, तिथं हीच गोष्ट सापडत गेली. मग आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार आया जमायला लागल्या. ठोका कसा पकडायचा, शब्द कुठं टाकायचा आणि मुख्य म्हणजे एखादा ठोका बाळासाठी रिकामा कसा सोडायचा, हे समीक्षा त्यांना दाखवायची. आप्पा बरोबर असायचे. कुणाचंही रडकं पोर मांडीवर घ्यायला ते कंटाळत नसत. गुडघा कसा हलवायचा हे मात्र ते शब्दांत सांगू शकत नव्हते. आयांचे हात धरून ते स्वतःच्या गुडघ्यावर ठेवायचे.

नभा अडीच वर्षांची झाली, तेव्हा प्रज्वलनं जुने माग काढून नवे, हवेवर चालणारे माग घ्यायचं ठरवलं. ते गावाबाहेरच्या मोठ्या शेडमध्ये बसणार होते. भिंतीपलीकडचा माग उचलायला माणसं आली, त्या सकाळी समीक्षाला धास्ती वाटली. नभाला पुन्हा आजऱ्यासारखं होईल का? तिनं डॉक्टरांना फोन केला.

“काही होणार नाही,” डॉक्टर हसल्या. “शब्द आता तिचे स्वतःचे आहेत. तुम्ही आप्पांकडे लक्ष द्या.”

ते खरंच होतं. टेम्पो गेला तरी आप्पा पायरीवर बसूनच होते. फरशीत आता काही जाणवत नव्हतं. आयुष्यभर पायांखाली असलेली ती हालचाल गेली, आणि कानांनी तर त्यांना कधीच सोडलं होतं. समीक्षानं चहा विचारला, प्रज्वलनं चेष्टा करून बघितली. ते समोर बघत राहिले.

नभा आतून आली. त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

“आप्पा, चला बाहेर.”

आप्पांना कळलं नाही. नेहमीप्रमाणे त्यांनी अंदाज केला. “भूक लागली व्हय? आईला सांग.”

नभानं मान हलवली. दारातून समीक्षा पुढं व्हायला निघाली, आप्पांच्या कानात ओरडून सांगायला. पण ती थांबली. नभानं आपला तळहात आप्पांच्या गुडघ्यावर ठेवला होता आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत, एकेका अक्षराला एकेक थाप मारत, पुन्हा म्हणत होती.

“आप्-पा. च-ला.”

आप्पांनी मान खाली घालून तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या ओठांकडे.

नभा थोडा वेळ थांबली. घाई नव्हती तिला. मग तिनं आणखी सावकाश, जोर कुठं आहे ते नीट कळेल अशा थापा मारून तिसऱ्यांदा सांगितलं.

“च... ला?” आप्पा म्हणाले. “चला म्हणतीस?”

नभा खिदळली. गुडघ्यावर तिनं दोन्ही हातांनी भराभर थापा मारल्या.

“अगं, पण कुठं?” असं विचारत ते उठलेसुद्धा. नभानं त्यांचं बोट पकडलं. कुठं जायचं, तिथं काय आहे, कुणाची शेळी व्यायली, त्या करडाचे कान कसे आहेत, हे सगळं तिला सांगायचं होतं. ती सांगायला लागली. आणि ते ऐकत चालले, तिच्या ओठांकडे बघत. बोटावर तिच्या मुठीचा हलका दाब शब्दाशब्दाला पडत होता.